सात दिवसांचा कागद

आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरातल्या गॅरेजमध्ये कितीतरी दिवस गाडी गेली नाही, कारण तिथे माझे नाना बसायचे. नाना म्हणजे अम्मीचे वडील, मिरजेचे हकीम. नानी गेल्यावर अम्मीने हट्टाने त्यांना इकडे आणलं. जावयाच्या घरात आपली अडचण नको म्हणून त्यांनी आल्या आठवड्यात स्वतःहून गॅरेज मागून घेतलं, तिथे एक सतरंजी टाकली आणि पत्र्याच्या दोन ट्रंका उघडल्या. एकीत कपडे होते. दुसरीत बनफशाची सुकलेली फुलं, उन्नाबची लाल सुरकुतलेली बोरं, गुलाबाच्या पाकळ्या, बडीशेप, ज्येष्ठमधाच्या कांड्या (नाना त्याला मुलेठी म्हणायचे) आणि पितळी खलबत्ता. हा खलबत्ता विमानतळावर तीन अधिकाऱ्यांनी हातात घेऊन पाहिला होता म्हणे, आणि नानांनी त्यातल्या एकाची नाडी पाहून त्याला जेवणानंतर लगेच झोपू नकोस असं खुणेने बजावलं होतं. ही गोष्ट ते दर वेळी थोडी वाढवून सांगायचे.

टेक्सासच्या उन्हाळ्यात त्या गॅरेजची भट्टी व्हायची. दोन टेबलफॅन लावून, सदऱ्याची बटणं सोडून नाना बसलेले असत आणि म्हणत, "या मुलखाचा मिजाजच गरम आणि खुश्क हाय बघ. माणसानं इथं काकडी खावी आणि गप बसावं." त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक वस्तूला मिजाज होता, म्हणजे प्रकृती. काकडी थंड आणि ओली, मिरी गरम आणि कोरडी, मासा थंड, मध गरम. माणसांचंही तसंच. कोरड्याला ते 'खुश्क' म्हणायचे, ओल्याला 'तर'. माझे अब्बा गरम आणि खुश्क, म्हणजे चिडके पण कामाला वाघ. अम्मी गरम आणि 'तर', म्हणजे रडली तरी जेवायला वाढल्याशिवाय राहायची नाही. मी नुसती वारा, असं ते म्हणायचे. आज माझं अख्खं आयुष्य औषधांच्या रासायनिक नावांत गेलं आहे, मी इथल्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट होते, त्यामुळे हे सगळं शास्त्र म्हणून मी कुणाला सांगणार नाही. पण माणूस ओळखायला ती चार नावं मला अजून पुरतात. माझा नवरा थंड आणि खुश्क आहे. त्याला हे आवडत नाही.

संध्याकाळी खलबत्त्याचा टण टण आवाज सुरू झाला की मी गृहपाठ टाकून गॅरेजमध्ये पळायचे. कुटता कुटता नाना बगदादच्या गोष्टी सांगायचे, आणि अशा सांगायचे की जणू मिरजेहून एसटीने जाऊन कालच परत आलेत. बगदादला दवाखाना कुठे बांधायचा हे ठरवायला एका हकिमाने शहरात चारी बाजूंना मांसाचे तुकडे टांगले, आणि जिथलं मांस सगळ्यांत उशिरा सडलं तिथे पाया खणला. त्या दवाखान्यांत वेडाच्या रोग्यांसाठी कारंजी होती, गाणारे होते. तापाचे रोगी वेगळे, डोळ्यांचे वेगळे. आणि घरी कधी सोडायचं? तर रोग्याने एका बैठकीला अख्खी कोंबडी खाऊन दाखवली की. "आणि नाही खाल्ली तर?" मी विचारायचे. "तर रहा म्हणावं अजून चार दिवस, आम्हाला कुठं घाई हाय," नाना म्हणायचे, जणू खाटा त्यांच्याच होत्या. ह्यातलं किती खरं आणि किती हकीम मंडळींनी एकमेकांना सांगत फुगवलेलं, ते मी पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात शोधत बसले होते. बरंचसं खरं निघालं. कोंबडीचं मात्र कुणी छातीठोक सांगत नाही.

आसपासची मराठी मंडळी हळूहळू गॅरेजमध्ये यायला लागली. तेव्हा प्लेनोत आपली माणसं मोजकीच होती. आता काय, भाजी घेताना मागून "अगं ती कोथिंबीर कॅन्सल कर, घरी आहे" असं ऐकू येतं आणि कुणी वळूनसुद्धा बघत नाही. तेव्हा मराठी बोलणारा कुणी दिसला की अम्मी त्याला घरीच घेऊन यायची. ती मिरजेला मराठी शाळेत शिकवायची, तिला बोलल्याशिवाय करमायचं नाही. कुणाचं पोट, कुणाचे गुडघे, कुणाला झोप नाही. नाना आधी काहीच विचारत नसत. तीन बोटं मनगटावर, डोळे मिटलेले, बराच वेळ. मग सकाळची लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीतून आणायला सांगायचे. एकदा एका काकांनी ती अम्मीच्याच लोणच्याच्या बरणीतून आणली, जी तिने त्यांना आंब्याचं लोणचं घालून दिली होती. "नाना, एक तर ही बरणी या घरात राहील नाहीतर मी," असं अम्मी ओरडली होती. नाना उजेडात बरणी धरून शांतपणे म्हणाले, "रंग चांगला हाय." अम्मी चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण नानांची जी एक रीत होती, तिच्यापुढे हे सगळं किरकोळ. औषध दिलं की ते कागद लिहायला लावायचे. लिहायची मी, कारण त्यांचा हात थरथरायचा आणि त्यांचं उर्दू इथे कुणाला वाचता आलं नसतं. सगळ्यात वर ते स्वतः उर्दू लिपीत दोनच शब्द लिहायचे, हुव अश्शाफी, म्हणजे बरा करणारा तो वरचा. त्याखाली मी मराठीत: काय दिसलं, रोगी आधीपासून काय घेतो, काय दिलं, किती, किती दिवस. शेवटी नानांची सही. अशा दोन प्रती. एक आमच्या फायलीत, एक रोग्याच्या घरी. "ही आपली नव्हं, जुनी रीत हाय," ते सांगायचे. "रोगी बरा झाला तर कागद चुलीत घाला. पण दगावला, तर घरच्यांनी तो कागद घेऊन शहरातल्या सगळ्यात मोठ्या हकिमाकडे जायचं. त्यानं वाचायचं आणि सांगायचं, ह्यात हकिमाची चूक हाय का नाही." मी विचारलं, "आणि चूक असली तर?" नाना म्हणाले, "तर कबूल करायची. म्हणून तर कागद रोग्याच्या घरी ठेवायचा. आपल्या घरात ठेवला तर माणसाला फाडावासा वाटतो."

मेश्राम काकू आमच्याकडे आल्या त्या खोकला घेऊन. त्या नागपूरच्या. त्यांचे यजमान अब्बांच्याच कंपनीत इंजिनिअर, आणि त्यांची सुजाता माझ्याच वर्गात. सकाळी शाळेत आम्हा दोघींना काकूच सोडायच्या. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो शेजारी शेजारी, खाली ताजं फूल, आणि स्वयंपाकघरातून सावजी मसाल्याचा असा वास की डोळ्यांत पाणी यायचं. काकू आल्या आल्या बोलायलाच लागायच्या. "नाना, काय सांगू बाप्पा, रात्रभर खोकून राहिली मी. मेश्राम साहेब दुसऱ्या खोलीत जाऊन झोपले ना." नानांनी नाडी पाहिली, विचारलं, आणि काकूंनी सांगितलं की रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेते, अंगातलं पाणी काढणारी. नानांनी मान हलवली. मला म्हणाले, "लिही. बनफशा, उन्नाब, मुलेठी. मुलेठी चिमटीभरच. रक्तदाब हाय. सात दिवस, त्याच्या पुढे एक दिवस नाही." आणि माझ्या हातून पेन घेऊन 'सात' शब्दाखाली स्वतः दोन रेघा मारल्या.

सात दिवसांत खोकला गेला. नाना म्हणाले, खोकला गेला, औषध गेलं. पण काकूंना त्या काढ्याची गोडी लागली होती. एका सोमवारी सुजाता गाडीतून उतरून पुढे गेल्यावर त्या मला थांबवून म्हणाल्या, "नसीम, मला थोडं आणून दे ना गं. ते पिलं की छातीत कसं मोकळं वाटते. नानांना नको सांगू, ते रागावतील. आणि देशीच तर आहे ना, त्याने काय होते?" देशी आहे, त्याने काय होते. हे वाक्य पुढे तीस वर्षं हॉस्पिटलात मी आपल्या लोकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की आता ते ऐकलं की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते. नानांच्या शेजारी बसून बसून मला वाटायला लागलं होतं की मलाही येतं सगळं. मी दुसऱ्या दिवशी कागदी पिशवीतून पुडी नेऊन दिली. काकू म्हणाल्या, "वा गं माझी डॉक्टरीणबाई!" झालं. त्या एका शब्दासाठी मी ट्रंकच आणून दिली असती.

पुढच्या आठवड्यात काकू म्हणाल्या की जरा कडवट लागते. मी मुलेठी वाढवली, कारण गोडवा तिचाच. चिमटीची मूठ झाली. मग दर सोमवारी, सुजाताचं लक्ष नसताना, एक पिशवी. काकूंनी तो काढा थर्मासमध्ये भरून चहासारखा दिवसभर प्यायला सुरुवात केली, घरच्यांनाही तो चहाच वाटायचा. मीच तो थर्मास गाडीत बघायचे आणि मला इतका अभिमान वाटायचा की विचारू नका. दोन महिने असं चाललं. कागद मात्र मी एकदाही लिहिला नाही. लिहायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं! मी मुद्दाम लिहिला नाही, कारण लिहिला असता तर नानांची सही लागली असती.

एका शनिवारी दुपारी आम्ही जेवत होतो. अम्मीने खिचडा केला होता, तो असा दाट की चमचा उभा राहील. फोन वाजला. अब्बांनी उचलला, मेश्राम काका होते. काकूंना दोन दिवसांपासून पायांत जोर नव्हता, त्या सकाळी जिन्यात बसल्या त्या उठूच शकल्या नाहीत, आणि छातीत धडधड. काकांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. काकू धड बोलू शकत नव्हत्या, म्हणून डॉक्टर काकांनाच विचारत होते, काय काय घेते ही? काकांना फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला नानांचा कागद आठवला. "नानांनी काही दिलं होतं ना मागे? मी तो कागद घेऊन आलो आहे, पण त्यातली नावं मला इंग्लिशमध्ये सांगता येऊन नाही राहिली," ते म्हणाले.

अब्बांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा कुठेतरी अडकून पडला होता, आणि घरात एक माणूस बिनलायसन्सचा औषधं वाटतो, हे त्यांच्या मनात कधीचं डाचत होतं. "कुणी काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "औषध दोन महिन्यांपूर्वी बंद झालंय. त्याचा आणि ह्याचा संबंध नाही. नाना, ती फाइल द्या माझ्याकडे." नाना उठले, हात धुतले, गॅरेजमध्ये गेले. परत आले तेव्हा त्यांनी शेरवानी घातली होती, डोक्यावर टोपी होती. "चला," ते म्हणाले. "कुठे?" अब्बा ओरडले. "तुम्हाला कळतंय का, कोर्टात खेचतील! आपल्या सगळ्यांना परत पाठवतील!" नाना म्हणाले, "पाठवू देत. मिरज काय वाईट हाय? पण माझा रोगी पडलाय आणि माझा कागद कुणाला वाचता येईना. मी जाणार." अम्मी गाडीची किल्ली घेऊन आधीच दारात उभी होती. शेवटी अब्बाच स्टिअरिंगवर बसले, मी मागच्या सीटवर. अख्ख्या घरात पिशव्यांचं मला एकटीलाच ठाऊक होतं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर बाई होती, उंच, टेक्सासच्या लांबलचक हेलात बोलणारी. नानांनी तिला आपल्याकडची प्रत दिली, छातीवर हात ठेवला आणि तोडक्या इंग्रजीत म्हणाले, तुम्ही मोठे हकीम. तुम्ही वाचा. माझी चूक असेल तर सांगा. ती बिचारी गोंधळून त्या टोपीकडे आणि त्या कागदाकडे पाहत राहिली. मग अब्बांनी, अगदी पडक्या आवाजात, ओळ ओळ इंग्रजीत करून सांगितली. ज्येष्ठमधाशी आल्यावर ती एकदम सावध झाली. काकूंच्या रक्तात पोटॅशियम फार खाली गेलं होतं, आणि जास्त ज्येष्ठमध आणि ती पाणी काढणारी गोळी एकत्र आली की असं होतं, हे तिला माहीत होतं. किती घेतलं? चिमटीभर, अब्बा म्हणाले. किती दिवस? सात. कधी? दोन महिने झाले. तिने निराश होऊन मान हलवली. मग हे कारण नाही, ती म्हणाली. दुसरं काहीतरी असणार. पोटात गाठ असू शकते. तपासण्या कराव्या लागतील. गाठ हा शब्द ऐकताच मेश्राम काका भिंतीला टेकले, आणि सुजाता रडायला लागली.

अब्बांच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसली. मला ती स्पष्ट दिसली आणि त्याबद्दल आज मी त्यांना दोष देत नाही. मी गप्प राहिले असते तर आमचं घर वाचलं असतं. नानांचा कागद स्वच्छ होता. नाना खाली वाकून सुजाताच्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि मला वाटलं, त्यांनी वर बघायच्या आत बोलायला हवं, कारण त्यांनी बघितलं तर मला बोलता येणार नाही. "मी दिलं," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, मग इंग्रजीत. "दर सोमवारी. मूठभर. दोन महिने. काल सकाळपर्यंत पीत होत्या."  डॉक्टर क्षणात वळून आत गेली, आणि तिच्या पाठोपाठ एक नर्स पळाली.

मला वाटलं होतं नाना मारतील. त्यांनी जन्मात कुणाला मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारतील असं वाटलं, आणि खरं सांगते, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी समोरच्या टेबलावरून एक कोरा कागद मागून घेतला. वर नेहमीचे दोन शब्द लिहिले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही." माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, अक्षर दिसत नव्हतं. "पूस डोळे आणि लिही. काय दिलं. किती. किती दिवस. रोगी आधीपासून काय घेत होता ते तुला माहीत होतं का, ते पण लिही." मी लिहिलं: माहीत होतं. "आता खाली सही कर. माझी नाही. तुझी." मी सही केली. दोन प्रती केल्या. एक नानांनी डॉक्टरला दिली, अब्बांनी त्या प्रतीवर इंग्रजी लिहून दिलं, आपणहून. दुसरी नानांनी दोन्ही हातांनी मेश्राम काकांना दिली आणि म्हणाले, "ही तुमच्या घरी ठेवा."

 परत येताना गाडीत अब्बा समोर बघतच म्हणाले, "नाना, मी ती फाइल फाडणार होतो." नाना म्हणाले, "ठाऊक होतं मला. म्हणून तर आधी शेरवानीच्या खिशात घातला कागद." आणि अब्बा हसायला लागले, हसता हसता त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अम्मीने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काकू वाचल्या. सलाइनमधून पोटॅशियम चढवलं, काढा बंद, आणि चार दिवसांनी त्या पायांवर चालत घरी आल्या. आमच्यावर कुणी खटला भरला नाही. त्या रविवारी काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि सावजी कोंबडी केली. नाना समोर बसून मोजत होते. काकूंनी तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर ते म्हणाले, "बगदादच्या हिशेबानं आता सुट्टी." आणि स्वतः एक घास खाऊन तीन ग्लास पाणी प्यायले. काकू हसत होत्या, मी ताटाकडे बघत होते. त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांना रस्सा लागला तरी सोडलं नाही.

त्यानंतर नानांनी प्लेनोत कुणाची नाडी पाहिली नाही. आम्ही खूप समजावलं, अब्बांनीसुद्धा. "मिरजेला माझा कागद वाचणारे दोघं-तिघं होते," ते म्हणायचे. "इथं माझी चूक पकडणारा कोण हाय? पकडणारा नसेल तिथं वैदकी करू नये." पुढच्या वर्षी ते मिरजेला परत गेले. खलबत्ता माझ्यासाठी ठेवून गेले. अब्बांची गाडी गॅरेजमध्ये गेली, आणि ती तिथे बघून मला दर वेळी रडू यायचं.

गेल्या वर्षी मेश्राम काकू गेल्या. म्हातारपणाने, झोपेत, भरल्या घरात. पंधरा दिवसांनी सुजाता माझ्याकडे आली. तिने पर्समधून प्लास्टिकचं एक पाकीट काढलं. आत दोन कागद होते, घड्यांवर पिवळे पडलेले. "आई सांगून गेली," ती म्हणाली, "मी गेली की हे शहरातल्या मोठ्या हकिमाकडे ने. म्हटलं कोण गं मोठा हकीम? तर म्हणाली, नसीम."

मी चष्मा लावला. नानांचा कागद आधी वाचला, सावकाश, हॉस्पिटलात अनोळखी डॉक्टरची चिठ्ठी वाचायचे तसा. 'सात'खालच्या दोन रेघा अजून ठळक होत्या. पेन घेऊन मी खाली लिहिलं: चूक नाही. मग माझा वाचायला घेतला. अश्रू पडून दोन ठिकाणी शाई फुटली होती. उलटून पाहिलं तर मागे काकूंचं अक्षर. 'मी मागितलं म्हणून पोरीने दिलं. तिचा दोष नाही.' कधी लिहून ठेवलं होतं कोण जाणे.  सुजाताने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी काकूंच्या ओळीला धक्का न लावता तिच्याखाली लिहिलं, 'मागितलं तरी द्यायचं नव्हतं. चूक आहे.' आणि सही केली. सुजाता म्हणाली, "हे आता तू ठेव." मी कागद घडी घालून पाकिटात घातले आणि तिच्याच पर्समध्ये ठेवले. कागद रोग्याच्या घरचा असतो.